वाढदिवसाला मला बारसं हवंय

परवा लेकीचा फोन आला. "आई, एक तारखेला काय पाठवू? आणि काही नको असं म्हणू नकोस." मी म्हटलं, यादी करून ठेवते. रात्री जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर यादी केलीही. त्यातलं काहीच दुकानात मिळत नाही.

एक तारीख म्हणजे १ जून. कागदोपत्री माझा जन्म १ जून १९६७ चा. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांचे शाळेचे दाखले काढून बघा, ही तारीख पुन्हा पुन्हा दिसेल. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची आणि आईबापांना तारीख सांगता यायची नाही. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाचं झालं, असा हिशेब. मास्तर मग १ जून टाकायचे आणि पुढचं नाव पुकारायचे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, माझ्या जन्मानंतरचा. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात १ जूनला पहाटेपासून केकची चित्रं येतात, कारण त्या दिवशी पंधरावीस जणांचा वाढदिवस असतो.

माझा मात्र त्या दिवशी नसतो. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. आई सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू माझ्या कुशीत होतीस. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून गेलेले. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळे झालेला भूकंप म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्याचा अभ्यास करतात. आमच्या घराची मागची भिंत बसली. आई मला पदरात गुंडाळून अंगणात धावली, आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही शेतातल्या छपरात काढले. माझं बारसं नेमकं कधी व्हायचं होतं, हे तिला आता आठवत नाही. झालं नाही, एवढं पक्कं आठवतं. घुगऱ्यांसाठी आणून ठेवलेले हरभरे ढिगाऱ्याखाली गेले.

म्हणून यादीत पहिलं लिहिलं: माझं बारसं. पाळणा नसला तरी चालेल. आत्याने कानात नाव सांगावं, मागे उभ्या असलेल्या बायकांनी 'कुर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालावेत, आणि परातभर घुगऱ्या वाटाव्यात. आत्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, आता तिला ऐकू कमी येतं. पण सांगायचं तिला आहे, ऐकायचं मला.

दुसरं: शके १८८९ चं दाते पंचांग. सोलापूरहून निघणारं हे पंचांग आमच्याकडे खुंटीला टांगलेलं असायचं, पण नवं आलं की जुनं चुलीत. कुणाच्या माळ्यावर ती प्रत असेल तर मला हवी आहे, कारण आईची कालगणना तिथीची आहे. ती म्हणते, "त्या साली चंपाषष्ठीचा भरीत-रोडगा माझ्या हातचा झाला नाही, सोयर व्हतं." चंपाषष्ठी भूकंपाच्या चारेक दिवस आधी येते. म्हणजे मी तिच्या आधीची. बारसं बाराव्या दिवशी, तेही भूकंपापर्यंत झालेलं नव्हतं. म्हणजे फार आधीचीही नाही. नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा, इथपर्यंत मी पोचले आहे.

हे शोधणं मला शाळेने शिकवलं. १९९० मध्ये पहिलीला नावं घालायला बसले तेव्हाही दाखला नसलेल्या आया यायच्या. मी १ जून लिहायची नाही. विचारायची, पेरण्या झाल्या होत्या का, बेंदराच्या आधी का नंतर, गणपती बसले होते का? एक बाई म्हणाली, आषाढी एकादशीचा उपास सोडायला पान वाढलं आणि कळा सुरू झाल्या. द्वादशी! मी घरून त्या सालचं कालनिर्णय आणलं आणि त्या मुलाला त्याची खरी तारीख लिहिली. त्याच्या आईने रजिस्टरवरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

तिसरं मागणं सहा-सात महिन्यांचं. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून ३१ मे २०२५ ला, सुट्टीत, बंद शाळेच्या ओसरीवर मला नारळ मिळाला. खऱ्या जन्मतारखेने मी नोव्हेंबर किंवा डिसेंबरअखेरपर्यंत शिकवलं असतं. त्या जूनमध्ये पहिलीत आलेली मुलं मला ओळखत नाहीत. त्यांना निदान बाराखडीपर्यंत नेण्याचे ते सहा-सात महिने कुणी दिले तर मी उद्या सकाळी दहाला डबा घेऊन निघेन.

चौथं मी आईसाठी मागितलं आहे: त्या साली राहून गेलेला नैवेद्य. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कांद्याची पात, जाडजूड रोडगा. चातुर्मासभर वांगं वर्ज्य, आणि ते सुटायच्या दिवशी ती बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर. यंदा तिला आयतं ताट वाढायचं आहे, आणि तो दिवस माझा वाढदिवस धरायचा आहे.

काल रात्री पाय चेपताना तिला विचारलं, आई, वार कोणता होता गं? ती बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली.

"बाजाराचा वार नव्हता. तुझा बा घरातच व्हता."

मी उठून वहीत लिहिलं. सातातला एक वार गेला, सहा राहिले.