वाघ न दाखवण्याचे शिक्षण

ताडोबात गाइड बसल्याशिवाय जिप्सीचे चाक गेटच्या आत जात नाही. तरीही सफारी करून परतलेल्या माणसाला विचारून पाहा, गाइड कोण होता? ‘होता कुणीतरी गावातला मुलगा,’ एवढेच उत्तर मिळते. वाघांची नावे मात्र पाठ असतात. माया, छोटी तारा, मटकासुर ही नावे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत घरच्या माणसांसारखी घेतली जातात. ज्याने तीन-चार तास पुढच्या सीटवर बसून जंगल दाखवले, तो जिप्सीच्या भाड्यात धरलेला. या ‘गावातल्या मुला’ला कुणी काय शिकवते, आणि काय शिकवायचे राहून जाते, याची चौकशी कुणी करत नाही. निसर्ग पर्यटन या भारदस्त नावाच्या व्यवसायाची आपल्याकडची पहिली पायरी हे शिक्षणच आहे, म्हणून हा लेख.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान 1955 चे, जेमतेम 116 चौरस किलोमीटरचे. 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र 625 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला वेढून 2010 मध्ये जाहीर झालेले सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे बफर. गाइड येतात ते याच बफरमधल्या आणि काठावरच्या गावांतून. धान, तेंदूपत्ता, मोहफूल आणि बांबू यांवर चालणारी ही गावे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे दरवर्षी दगावतात. पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या घराला वाघ म्हणजे काय, हे रिसॉर्टच्या माहितीपत्रकातून कळत नाही. अशा घरातला मुलगा दहावी-बारावी करून गाइड होतो, म्हणजे ज्या जनावराने घरचा गोऱ्हा नेला त्याचीच तारीफ पाहुण्यांपुढे करण्याचा धंदा पत्करतो. या एका गोष्टीसाठी तरी त्याच्याकडे नीट पाहायला हवे.

गाइडचे काम आजच्या रूपाला आले ते 2012 नंतर. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. पर्यटनाला गाभ्याचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग, गाडी आणि प्राणी यांच्यात किमान 20 मीटर अंतर, प्राण्याला घेरायचे नाही, खायला घालायचे नाही. नियम चांगलेच आहेत. पण ते पाळून घ्यायचे कुणी? प्रत्येक जिप्सीत वनरक्षक बसवता येत नाही. मग ते काम आपसूक गाइडच्या गळ्यात पडले. पर्यटकाच्या लेखी तो वाटाड्या आणि वनखात्याच्या लेखी राखणदार. दोन्ही चाकऱ्या त्याने एकाच सीटवर बसून करायच्या.

गाभा क्षेत्र 1 जुलैपासून तीन महिने बंद असते. गाइडला शिकवायला हाच काळ सोयीचा, आणि नेमका हाच काळ रोवणीचा. वर्गात बसलेल्या पोराचे अर्धे चित्त बांधीत असते. भिंतीवर चित्रफलक, पुढे वनाधिकारी किंवा एखाद्या संस्थेचा अभ्यासक. विषय ठरलेले: 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, सस्तन प्राणी, पक्षी, फुलपाखरे, झाडे, प्रथमोपचार, पाहुण्यांशी बोलणे. यातले झाड-पाखरू त्यांना जड जात नाही. मोह कधी गळतो, अस्वल मधासाठी कुठल्या झाडावर नख्या मारत चढते, ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी कशी भेगाळते, पानगळीनंतर कांडोळाचे पांढरेफटक खोड अंधारात कसे भिववते, हे त्यांना शिकवणाऱ्याइतकेच, क्वचित जास्तच ठाऊक असते. अडते ते इंग्रजी नावांशी, हिंदीतल्या लिंगांशी आणि चारचौघांत तोंड उघडण्याशी. घरात झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला बंगळुरूच्या कुटुंबापुढे सलग दहा मिनिटे बोलायचे म्हणजे पहिल्या दिवशी घाम फुटतो. पुस्तकातल्या पक्ष्यांपेक्षा या दहा मिनिटांवर वर्गातला जास्त वेळ जायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा वर्ग भरतो तो धुळीच्या रस्त्यावर. सकाळी पंजाचा ठसा सापडला की त्याच्याभोवती उकिडवे बसायचे आणि घाई न करता वाचायचा. नखे उमटली आहेत का? असतील तर तो कुत्र्याच्या जातीचा, कोळसून असू शकेल. वाघ चालताना नखे आत ओढून घेतो. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात का? पुढचा पंजा मागच्यापेक्षा रुंद असतो, आणि चालताना मागचा पाय बहुधा पुढच्याच्या ठशावर किंवा जवळपास पडतो, म्हणजे समोर दिसतो तो ठसा कुठल्या पायाचा हे आधी ठरवायचे. मागच्या पायाचा ठसा चौकोनी आणि बोटे जाड, तर नर असण्याचा संभव. लांबट आणि बोटे निमुळती, तर मादी. मग वेळ. कडा धारदार आहेत की ढासळल्या? दवाचे थेंब पडून ठशात बारीक खळगे झाले असतील, तर जनावर रात्रीच गेले. किड्याची रेघ ठशावरून गेली की ठशाखालून? टायरची नक्षी ठशाच्या वर आहे, तर पहिली गाडी जायच्या आधी वाघ गेला. ठसा टायरच्या नक्षीवर आहे, तर तो आत्ता इथेच कुठेतरी आहे. हे कळले की पोरांचे डोळे चमकतात. रस्ता तर त्यांचा लहानपणापासूनचा, पण तो असा ओळीओळीने वाचायला कुणी सांगितलेले नसते.

मग कान. वानर उंचावरून बघते, म्हणून त्याची खाकर बहुतेक वेळा आधी येते. चितळ घाबरट, त्याचा एखादा कॉल आला म्हणून गाडी पळवणारा गाइड नवखा समजावा. भेकर भुंकते ते कुत्र्यासारखे, आणि बिबट्यालाही भुंकते. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. शेपटी उभारून, पुढचा पाय आपटत ते पुन्हा पुन्हा ओरडू लागले की जाणता गाइड चालकाच्या दंडाला हात लावतो आणि इंजिन बंद करायला सांगतो. ‘बंद करायला’ हे महत्त्वाचे. नवशिक्या गाइडचा हात गाडी पळवायला उठतो, तयार झालेल्याचा थांबवायला.

प्रथमोपचार वर्गात घाईने उरकला जातो, तो तसा उरकू नये. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला हलू न देता रुग्णालय गाठायचे, हे गावातल्या पोरालाही नव्याने घोकावे लागते, कारण गावात अजून उलटेच चालते. आणि साप तसा क्वचितच चावतो. ऊन रोज चावते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि दुपारच्या उघड्या जिप्सीत सत्तरीतले आजोबा ‘काही नाही होत हो’ म्हणत बसलेले असतात. त्यांचे बोलणे अडखळू लागले, घाम थांबला, की सफारी सोडून गाडी फिरवायची. मागे बसलेले बाकीचे पाच जण वाघासाठी हटून बसले असले तरी.

‘तरी’ म्हणायला सोपे. ते करायला लागणारे बळ कुठल्याही चित्रफलकावर नसते. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि जिप्सींनी पुढून-मागून त्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालक निलंबित झाले, दंड भरावा लागला. त्या गाड्यांमधल्या गाइडना 20 मीटरचा नियम ठाऊक नव्हता असे कुणी म्हणणार नाही. ठाऊक होता, आणि पाळला गेला नाही. वर्षाचा शेवटचा दिवस, महागडी बुकिंग, मागून येणारे ‘थोडं पुढे घ्या ना’, आणि पुढच्या गाडीने घेतलेच आहे हे दिसत असणे. गाइडची परीक्षा तिथे असते, आणि तिचा सराव कुणीही करून घेत नाही.

माझ्या मते दोष प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात जितका आहे त्याहून जास्त गाइडच्या मिळकतीत आहे. आपल्याकडे गेटवर गाइडचा क्रम पाळीने लागतो. पाळी न्याय्य आहे, तिच्यामुळे गावात भांडणे होत नाहीत आणि प्रत्येक घराला काम मिळते. पण पाळीत उत्तम गाइडला आणि झोपाळू गाइडला तेवढीच फी. मग उत्तम असण्याचे बक्षीस उरते एकच, पर्यटकाची बक्षिसी. आणि बक्षिसी वाघाला मिळते. ज्या फेरीत वाघ रस्त्यावर चालला त्या फेरीचा हात सैल. ज्या फेरीत गाइडने रानकुत्र्यांची टोळी, सर्पगरुड, गोंडकाळातले रस्त्याकडेचे दगडी खांब आणि तलावाकाठचे तारू देवाचे ठाणे मन लावून दाखवले, त्या फेरीला कोरडे ‘थँक्यू’. वर्गात सांगायचे वाघामागे धावू नकोस, आणि गेटबाहेर पैसे द्यायचे धावल्याचेच. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, थट्टा म्हणतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. मध्य प्रदेशात गाइडच्या दोन श्रेणी आहेत, जी-1 आणि जी-2, आणि वरच्या श्रेणीची फी जास्त. अभ्यास केला तर हातात चार पैसे जास्त येतात, हे तिथल्या पोराला दिसते. दक्षिण आफ्रिकेत 1990 पासून गाइडांची संघटना आहे. तिच्या पात्रता परीक्षेत लेखी भाग आहेच, पण परीक्षक प्रत्यक्ष पाहुणे घेऊन निघालेल्या गाइडचे काम पाहतो: पाहुण्यांशी कसा बोलतो, प्राण्याजवळ गाडी कशी नेतो, कुठे थांबवतो. आपल्याकडे प्रमाणपत्र मिळते ते वर्गाचे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2017 मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला, पहिल्या टप्प्यात 10 जिल्हे घेतले आणि 2021 पर्यंत साडेपाच लाखांहून अधिक लोकांना शिकवण्याचे लक्ष्य जाहीर केले. लाखांचे लक्ष्य ठेवले की वर्ग भरवावे लागतात. जिप्सीत शेजारी बसून शिकवणे लाखांच्या हिशेबात बसत नाही.

व्याघ्र प्रकल्पाबाहेर, जिथे जिप्सीच नाही, तिथे हे शिक्षण जास्त सुदृढ झालेले दिसते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून सागरी कासवांची घरटी राखली, 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. गावाने शिकले ते साधे: पाहुण्याला घरी उतरवायचे, घरचेच जेवण वाढायचे, आणि पिल्ले समुद्राकडे निघाली की दोरीच्या अलीकडे उभे करायचे. पिल्ले कधी बाहेर येतील हे कासवावर अवलंबून. नाही आली तर नाही आली; पाहुणा तरीही उकडीचे मोदक खाऊन जातो आणि घरमालकिणीचे पैसे बुडत नाहीत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बाया होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. तिथे ‘दिसले का’ हा प्रश्नच येत नाही, कारण कांदळवन पळून जात नाही. मिळकत एका जनावराच्या दर्शनाला बांधलेली नसली की माणूस निवांतपणे शिकतो आणि निवांतपणे शिकवतो.

ताडोबातही वारे थोडे बदलते आहे. मोहर्लीसारख्या गेटवर बायका गाइड म्हणून बसू लागल्या आहेत. त्यांना सुरुवातीला ‘ताईंना जमेल का’ ऐकावे लागले, तरी गाडीतला आरडाओरडा थांबवण्यात त्या पुरुषांपेक्षा कमी पडत नाहीत, असे गेटवरचे लोकच सांगतात. गाभा क्षेत्रात पर्यटकांच्या मोबाइलला बंदी आहे, त्यामुळे ‘वाघ अमुक ठिकाणी’ ही बातमी पूर्वीच्या वेगाने पळत नाही. समोरून येणाऱ्या जिप्सीला हातानेच विचारावे लागते. बफरमधल्या फेऱ्यांमुळे गावांना काम मिळाले. पण पुढची पायरी अजून नाही. दहा वर्षे गाइड राहिलेला माणूस अकराव्या वर्षी त्याच सीटवर, त्याच पाळीत. रिसॉर्टमध्ये ‘नॅचरलिस्ट’ हवा असतो, तेव्हा इंग्रजी बोलणारा शहरातला मुलगा येतो, आणि त्याला ठसा वाचायला शिकवतो तो गेटवरचाच गाइड. या अनुभवी गाइडांना नव्यांचे शिक्षक म्हणून रीतसर नेमावे, त्याचे मानधन द्यावे, आणि नव्या गाइडच्या पहिल्या काही फेऱ्यांना त्यांनी सोबत बसावे. एक सीट अडेल, त्या सीटचे पैसे बुडतील. ते बुडवण्याची तयारी व्यवस्थापनाने दाखवावी.

तोवर काही गोष्टी वाचकाच्या हातातल्या आहेत. ताडोबाला जाणार असाल तर गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, हे बुकिंगच्या वेळी लक्षात ठेवा. गाडी सुटायच्या आधी गाइडला सांगा की नियम मोडून काही बघायचे नाही. तुम्ही सांगितलेत तर मागच्या सीटवरच्यांना गप्प करायला त्याला जोर येईल. जंगलात त्याने ‘पुढे नाही जायचं’ म्हटले तर हुज्जत घालू नका. आणि बक्षिसी द्यायची असेल तर रक्कम निघण्यापूर्वीच मनाशी ठरवा. वाघ दिसो वा न दिसो, तेवढीच त्याच्या हातावर ठेवा.