हवेवर तोललेला पिकअप

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर जुना शेवरोले सी-१० पिकअप उभा राहिला, की जाणत्यांची नजर आधी त्याच्या रिकाम्या हौद्याकडे जाते. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन असा सगळा भार पुढे, आणि गाडीला ढकलणारी चाकं मागे. माल वाहायला बांधलेली ही गाडी मोकळीच पळवायची, तर मागच्या टायरनी रस्ता धरून ठेवायचा कसा? या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे हवा.

शर्यत पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची. पुष्कळ ठिकाणी त्याच्या निम्मी. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ऍनाच्या विमानतळावर अशा शर्यती रीतसर भरू लागल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावर चोरून होणाऱ्या शर्यतींना हक्काची जागा, नियम आणि घड्याळ मिळालं. त्या घड्याळात पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी नोंदली जाते. तिथे गमावलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेपर्यंत दीडपट ते दुप्पट होतो, असा या खेळातला ठोकताळा आहे. म्हणून सगळी मेहनत सुटण्याच्या त्या क्षणावर.

सी-१० या कामासाठी आवडीचा ठरला, त्याला कारण आहे. १९६० च्या दशकातल्या बहुतेक पिकअपना मागे कमानपाटे असत. जोर आला की पाटे पिळवटतात, ऍक्सल उड्या मारू लागतो आणि टायर जागच्या जागी थडथडतो. शेवरोलेने १९६० ते १९७२ च्या बहुतेक अर्ध्या टनी ट्रकना मात्र कॉइल स्प्रिंग दिल्या आणि ऍक्सल पुढे-मागे जाणाऱ्या दोन लांब दांड्यांनी चेसिसला जोडला. ऍक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक तिरपा आडवा दांडा, पॅनहार्ड बार. कॉइल काढून तिथे हवेची स्प्रिंग बसवणं या रचनेत तुलनेनं सोपं जातं.

हवेची स्प्रिंग म्हणजे जाड रबराचा बेलो. सोबत कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या आणि व्हॉल्व्ह. मुंबई–पुणे शिवनेरीने प्रवास केलेल्यांना त्या व्हॉल्व्हचा फुस्स आवाज ओळखीचा असेल. व्हॉल्व्होच्या त्या बसनाही हवेच्याच स्प्रिंग असतात. अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमने ही सोय मोटारीत आणली. पिकअपच्या शौकिनांना ती भावली ती वेगळ्या कारणानं: प्रदर्शनात गाडी जमिनीला टेकवता येते, घरी जाताना उचलता येते आणि पट्टीवर हवी त्या उंचीला उभी करता येते.

खरी कसोटी या तिसऱ्या उंचीची. नवखा माणूस प्रेशरच्या काट्याकडे बघत बसतो. पण सगळा भार हवेवरच असेल, तर बेलोतलं प्रेशर मुख्यतः त्यावरच्या वजनानं ठरतं. आणखी हवा भरली तर काटा फार हलत नाही, गाडी वर येते. दुपारच्या उन्हात तीच हवा प्रसरण पावते आणि सकाळी नीट लावलेली गाडी थोडी उंच होते. म्हणून अनुभवी मेकॅनिक ऍक्सल आणि चेसिस यांच्यामधल्या एका ठरलेल्या जागी टेप लावतो. ड्रायव्हर सीटवर, टाकीत शर्यतीपुरतं पेट्रोल, टायरमध्ये शर्यतीची हवा, मग माप. प्रत्येक धावेआधी तेच माप पुन्हा.

या मापावर बरंच काही अवलंबून असतं. उंची बदलली की डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट वाकड्या कोनात फिरू लागतात. पॅनहार्ड बार एका टोकाशी जखडलेला असल्यानं कंसात फिरतो आणि ऍक्सलला बाजूला ओढतो. शर्यतीच्या उंचीला तो शक्य तितका आडवा हवा. आणि बेलोला खालीवर दोन्हीकडे जागा लागते. गाडी दिसायला छान म्हणून फार खाली ठेवली, तर सुटताना मागचा भाग बसतो आणि ऍक्सल रबरी ठोकळ्यावर आदळतो. तो हिसका थेट टायरला लागतो आणि पकड सुटते.

भाराचा हिशेब करून पाहा. १८०० किलोची गाडी, ११५ इंचांचा व्हीलबेस, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट वेगवाढ मिळाली, तर सुमारे ३२० किलो भार पुढच्या चाकांवरून मागे येतो. हा भार गाडी मागे बसल्यामुळे येत नाही, वेगवाढीमुळे येतो. नाक आकाशाकडे गेलेला पिकअप रुबाबदार दिसतो, पण तो किती बसला यावरून त्याची पकड जोखता येत नाही.

मग येतो डाव्या-उजव्याचा प्रश्न. फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट ऍक्सललाही पिळतो, आणि नेहमीच्या मांडणीत त्यानं मागचं उजवं चाक हलकं होतं. चेसिसला उलटा पीळ बसतो, पण त्यातला काही भाग पुढच्या स्प्रिंगमधून निघून जातो, म्हणून मागची भरपाई अपुरी पडते. उपाय असा, की उजव्या बेलोत डाव्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवायची. उभ्या गाडीतच मागचं उजवं आणि पुढचं डावं चाक जड होतं, आणि सुटताना दोन्ही मागचे टायर सारखे दाबले जातात. हे चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवूनच लावायचं काम आहे. दोन्ही बेलोंच्या नळ्या स्वतंत्र असणं ही त्याची पहिली अट. एका टी-जॉइंटने त्या जोडल्या, तर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते.

शॉक ऍब्सॉर्बरशिवाय हे सारं अपुरं. हवा भार तोलते, उसळी थांबवत नाही. पुढचे शॉक नाक सहज उचलू देणारे आणि मागचे ऍक्सलला आवर घालणारे हवेत. शिवाय रोजची निगा: जॉइंटवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं, हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडणं, बेलो फुगल्यावर चेसिस, टायर किंवा एक्झॉस्टला घासत नाही ना, हे हात घालून तपासणं. घासलेला बेलो भर धावेत फुटू शकतो.

निव्वळ शर्यतीसाठी गाडी बांधायची असेल, तर कॉइल स्प्रिंग हलकी आणि भरवशाची. टाकी आणि कॉम्प्रेसरचं वजनही वाचतं. पण एकाच पिकअपवर बाजारहाट, प्रदर्शन आणि पट्टी साधायची असेल, तर नीट लावलेल्या हवेला तोड नाही. आपल्याकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. ज्यांना हा नाद आहे त्यांनी तो अशाच बंदिस्त जागी करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावं. आणि पट्टीवर उतरलात, तर आधी उंची पक्की करा, मग डाव्या-उजव्याचा तोल साधा, शॉक शेवटी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.