मासळीची पारख बंदराजवळच हवी

माशाचा कल्ला उचलून लाली पाहायची आणि अंगावर बोट दाबून घट्टपणा अजमावायचा, ही किनारपट्टीवरील गृहिणीची पिढीजात पारख. फॉर्मेलिनपुढे ती लटकी पडते; कारण या द्रव्याने शिळा मासाही घट्ट राहतो. जुलै २०१८ मध्ये गोमंतकाने हा अनुभव घेतला. मडगावच्या घाऊक बाजारातील प्राथमिक तपासणीत मासळीत फॉर्मेलिन आढळल्याचे प्रथम सांगण्यात आले. मागाहून ते प्रमाण मर्यादेत असल्याचा निर्वाळा त्याच खात्याने दिला. प्रेते टिकविण्याच्या द्रव्याला अन्नात मर्यादा कसली, असा सवाल लोकांनी केला. अखेर सरकारला परराज्यांतील मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली.

वस्तुतः समुद्री माशांत फॉर्मल्डिहाइड काही अंशी नैसर्गिकरीत्याही निर्माण होते. म्हणूनच झटपट चाचणीचा रंग हा अंतिम निकाल ठरत नाही. नेमके मोजमाप प्रयोगशाळेतच व्हावे लागते. ते जवळपास व वेळेवर झाले नाही, तर अफवेला रान मोकळे मिळते आणि लबाड व्यापाऱ्याबरोबर प्रामाणिक कोळीणही भरडली जाते.

ही विद्या देशाला अवगत नाही असे नव्हे. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून कार्यरत आहे. फॉर्मेलिन व अमोनिया ओळखणारी कागदी पट्टी तिनेच सिद्ध केली. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीची आयात थांबविली, तेव्हा कारखान्यांची स्वच्छता व तपासणीची शिस्त सुधारणे भाग पडले. वर्षअखेरीस ती बंदी उठली. परदेशी गिऱ्हाइकाने डोळे वटारताच जे साधले, ते घरच्या गिऱ्हाइकासाठी का साधू नये?

तथापि केवळ प्रयोगशाळा उभारून भागणार नाही. बंगडा किंवा कुपा बर्फाविना राहिला, की जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन रांधण्याने जात नाही. दोष होडीवर वा धक्क्यावर शिरतो. तपासणी तो फक्त दाखविते, काढीत नाही. शिवाय हा दोष डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बर्फावर खर्च करणाऱ्याला आणि तो वाचविणाऱ्याला बाजारात एकच भाव मिळतो. हिणकस नाण्याने चोख नाण्याला चलनातून हुसकावे, तसाच हा प्रकार.

म्हणून प्रत्येक सागरी जिल्ह्यात विश्वासार्ह प्रयोगशाळा, बंदरावर पुरेसा बर्फ व स्वच्छ पाणी, मच्छीमार संस्थांतून शिकविलेले स्थानिक तपासनीस आणि निकाल जाहीर करण्याचा दंडक, या चार गोष्टी एकत्रच व्हावयास हव्यात. त्यांचा भार लहान होडीवाल्यावर टाकल्यास तो धंद्यातूनच उठेल. हा खर्च सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा. निर्यातीच्या कोळंबीला एक न्याय आणि घरच्या बंगड्याला दुसरा, हा पंक्तिप्रपंच आता पुरे झाला.