पंचायतीच्या कपाटातून वर्गात

जैवविविधतेचा तक्ता म्हटला की सिंह, जिराफ आणि पेंग्विन ठरलेलेच. शाळेच्या आवारातल्या कढीपत्त्यावरची अळी मात्र त्यात सापडायची नाही. लिंबू फुलपाखराची ही अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, वाढली की पानासारखी हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाचं दुबेळकं बाहेर काढते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा खेळ साधारण महिनाभरात आटोपतो. दहावी-अकरावीच्या मुलांनी रोज एक फोटो काढला, तर चौथीच्या वर्गासाठी पुस्तिका तयार!

गावोगावची माहिती गोळा करण्याची सोय तर कायद्यातच आहे. 2002च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. ही कल्पना रुजवणाऱ्या माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि शिक्षकच कामाला लावले होते. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020ची मुदत घातली, ती चुकली तर राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि नोंदवह्यांची एकच लगीनघाई उडाली. अशा घाईत झालेलं काम बहुधा कपाटातच राहतं. ते तपासून, दुरुस्त करून शाळेच्या भाषेत आणायला गावातल्या तरुणांहून योग्य कोण?

पण त्यांच्याकडून फक्त चित्रं रंगवून घेऊ नयेत. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, हेही त्यांनीच ठरवावं. पहिल्या पावसात उगवणारं शेवळं घ्या. रानभाज्यांच्या पोस्टरवर त्याचा फोटो आणि खाली ‘पौष्टिक’ एवढं लिहून भागत नाही. कच्चं किंवा नीट न शिजलेलं शेवळं घशाला खाजतं, म्हणून त्यात काकडं किंवा दुसरं काहीतरी आंबट घालतात. हे आजीला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि चुकीची वनस्पती उपटून आणली तर अंगाशी येऊ शकतं. म्हणून आजीबरोबर वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांचीही नजर पुस्तिकेच्या त्या पानावरून फिरायला हवी. स्थानिक नाव मोठ्या अक्षरात, शास्त्रीय नाव खाली. एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असतं, तेव्हा हे खालचंच नाव कामी येतं.

पुस्तिका छापून झाली तरी नोंदी थांबायला नकोत. ‘सीझनवॉच’ उपक्रमात केरळमधल्या शाळांतली मुलं ठरावीक झाडाकडे दर आठवड्याला जातात आणि पालवी, कळ्या, फुलं, फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर, एवढंच टिपतात. आपल्याकडे आंबा, बहावा, पळस चालतील. पुढच्या वर्षीची मुलं त्याच झाडापासून सुरुवात करतील.

सगळंच मात्र छापायचं नाही. वैदूने विश्वासाने सांगितलेलं औषध त्याच्या परवानगीशिवाय पुस्तिकेत येता कामा नये. नोंदवहीतही अशी माहिती गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. घुबडाच्या ढोलीचं तसंच: गावाचं नाव द्यावं, झाडाचा पत्ता देऊ नये.