आठव्या क्रमांकाचे मोल

१६ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या 'वॉटर क्यूब'मध्ये झालेली १०० मीटर बटरफ्लाय शर्यत अवघ्या जगाच्या लक्षात राहिली ती मायकल फेल्प्समुळे. सर्बियाच्या मिलोराद चाविचला त्याने सेकंदाच्या एक शतांश फरकाने मागे टाकले आणि सातवे सुवर्ण पटकावले. त्याच शर्यतीत आठवा, म्हणजे शेवटचा आलेल्या जलतरणपटूकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्याचे नाव रायन पिनी. देश पापुआ न्यू गिनी.

प्रशांत महासागरातील न्यू गिनी बेटाचा पूर्व भाग आणि लगतची असंख्य बेटे मिळून हा देश बनला आहे. आठशेहून अधिक भाषा बोलणारा हा देश १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला. चहूकडे पाणी असलेल्या देशातून जलतरणपटू घडणे स्वाभाविक वाटते. पण समुद्रात पोहणे वेगळे आणि शर्यतीत उतरणे वेगळे. पन्नास मीटरचा मोजलेला तलाव, भिंतीला स्पर्श करून क्षणार्धात घेतलेले वळण, पाण्याखाली पंधरा मीटरच्या मर्यादेत मारलेल्या डॉल्फिन किक, यांपैकी काहीच लाटा शिकवीत नाहीत. त्यासाठी तलाव, प्रशिक्षक आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतात.

लहान देशांच्या खेळाडूंना पात्रता वेळ न गाठताही ऑलिंपिकमध्ये उतरण्याची संधी देणारी तरतूद जलतरणात आहे. असे बहुतेक खेळाडू प्राथमिक फेरीतच बाहेर पडतात. त्यांच्या सहभागाचे कौतुक होते, स्पर्धक म्हणून मात्र गणना होत नाही. पिनीचे वेगळेपण नेमके येथे आहे.

१९८१ मध्ये पोर्ट मोर्सबी येथे जन्मलेल्या पिनीने ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे सराव करून आपले कौशल्य घडविले. २००४ मध्ये अथेन्सला त्याने ऑलिंपिक पदार्पण केले. मार्च २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण त्याने जिंकले, तेही यजमानांचा माजी विश्वविक्रमवीर मायकल क्लिम याला मागे टाकून. पापुआ न्यू गिनीचे जलतरणातील हे पहिलेच राष्ट्रकुल सुवर्ण. त्यापूर्वी १९९० मध्ये गेउआ ताऊ हिने लॉन बोल्समध्ये देशाला सुवर्ण मिळवून दिले होते.

बीजिंगमध्ये उपांत्य फेरीत ५१.६२ सेकंदांची वेळ नोंदवून पिनी अंतिम आठांत आला. ऑलिंपिक जलतरणाची अंतिम फेरी गाठणारा तो आपल्या देशाचा पहिला खेळाडू. अंतिम शर्यतीत त्याने ५१.८६ सेकंद घेतले. फेल्प्स आणि तो यांच्यातील अंतर होते १.२८ सेकंदांचे. साधनसंपन्न महासत्ता आणि जलतरणाची परंपरा नसलेला देश यांच्यातील दरी त्या शर्यतीपुरती एवढीच उरली होती.

२०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात त्याने रौप्यपदक मिळविले. २०१५ मध्ये पॅसिफिक क्रीडास्पर्धा पोर्ट मोर्सबीत भरल्या, तेव्हा मायदेशातील प्रेक्षकांसमोर पोहण्याचे भाग्यही त्याला लाभले. पुढच्याच वर्षी रिओमध्ये देशाचा ध्वज हाती घेऊन तो चौथ्या ऑलिंपिकमध्ये उतरला.

पापुआ न्यू गिनीला २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. पदकतालिकेत आठव्या क्रमांकाला स्थान नसते. तरीही मोठ्या देशांच्या जलतरणपटूंच्या बरोबरीने, कोणत्याही सवलतीविना आपल्या बेटावरचा माणूस उभा राहू शकतो, हे बीजिंगमधील त्या शेवटच्या क्रमांकाने सिद्ध केले.