ड्रमविना ठेका: ब्लूग्रासची 'जॅम' मैफल कशी ऐकावी

मंचावर पाच वादक उभे असतात. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि माणसाहून उंच डबल बास एवढीच वाद्ये. ड्रम कुठेच दिसत नाहीत. तरीही थोड्याच वेळात हजारो श्रोते उभे राहून नाचू लागतात आणि साधे तीन मिनिटांचे वाटलेले गाणे पंधरा-वीस मिनिटे चालते. अमेरिकेत 'जॅमग्रास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैफलींचे हे नेहमीचे दृश्य आहे. शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या आणि मित्रांच्या आग्रहाने अशा मैफलीत प्रथमच बसणाऱ्या श्रोत्याला सुरुवातीला सगळी गाणी सारखीच वाटण्याचा संभव असतो. गाणे आपली चौकट केव्हा सोडते आणि तिच्यात परत कसे येते, हे कळू लागले की मैफलीत रस वाटू लागतो.

ही चौकट घालून दिली ती केंटकी राज्यातील बिल मन्रो (१९११-१९९६) यांनी. 'ब्लू ग्रास बॉइज' हे त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव केंटकीच्या टोपणनावावरून आले आणि त्यावरूनच पुढे संगीताच्या या प्रकाराला नाव मिळाले. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे बँजोवादक मन्रो यांच्याकडे आले. अंगठा आणि दोन बोटे यांनी अखंड स्वरधारा काढण्याची त्यांची शैली ब्लूग्रासची ओळख ठरली. बँजोचे मूळ मात्र गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाद्यांत आहे.

पारंपरिक ब्लूग्रासमध्ये एक कडवे गायले जाते, मग एक वादक त्याच लांबीचा एकल तुकडा वाजवतो, पुन्हा कडवे, मग दुसऱ्या वादकाची पाळी. मंचावर एकच मायक्रोफोन असे त्या काळी ज्याची पाळी त्याने पुढे यायचे आणि वाजवून मागे सरकायचे, अशी पद्धत होती. ही शिस्त आजही अनेक वाद्यवृंद पाळतात.

ड्रम नसताना ठेका धरतो कोण? डबल बास मुख्य मात्रांवर जड स्वर देतो. मधल्या मात्रांवर मँडोलिनवादक तारा छेडून लगेच बोटांनी दाबतो, त्यामुळे 'चक्' असा कोरडा, तुटक आवाज उमटतो. या दोन आवाजांवर सारा डोलारा उभा असतो. नवख्या श्रोत्याने पहिली दोन-तीन गाणी केवळ तेवढेच ऐकावे. बँजोच्या वेगाने भांबावून जाण्यापेक्षा हे बरे. मँडोलिनवादक स्वतः एकल वादन करू लागला की तो 'चक्' थांबतो आणि ती जबाबदारी बहुधा गिटार किंवा फिडल उचलते. ही देवाणघेवाण कानांनी टिपता आली तर निम्मी मैफल समजली. काही जॅमग्रास वाद्यवृंद ड्रम वापरतात हेही खरे. 'लेफ्टओव्हर सॅमन' हे त्याचे ठळक उदाहरण.

'जॅम' म्हणजे ठरलेल्या लांबीपलीकडे जाऊन केलेले उत्स्फूर्त वादन. यात एकल तुकडा कडव्याच्या मापात राहत नाही. बदलत जाणारे कॉर्ड थांबतात, सारे जण एकाच कॉर्डवर स्थिरावतात आणि त्यावर सुरावट वाढत जाते. आधारस्वरावर विस्तार ऐकण्याची सवय असलेल्या भारतीय कानाला हा भाग सर्वांत ओळखीचा वाटेल. मात्र येथे तबल्याच्या आवर्तनासारखी निश्चित सम नसते. परतायचे केव्हा हे वादक एकमेकांकडे पाहून, मानेच्या खुणेने किंवा मूळ चालीतील एखादा तुकडा वाजवून ठरवतात. कधी ते मूळ गाण्याकडे परततच नाहीत आणि थेट दुसऱ्या गाण्यात शिरतात. पहिले गाणे तासाभराने पुरे होते. खूण चुकली तर वाद्यवृंद क्षणभर विस्कटतो. प्रत्येक लांबलेले वादन रंगतेच असे नाही, काही निव्वळ लांबतात. पण हा धोका पत्करला जातो म्हणूनच श्रोते पुन्हा पुन्हा येतात.

ही वाट १९७० च्या दशकात रुंदावली. सॅम बुश यांच्या 'न्यू ग्रास रिव्हायव्हल'ने रॉकची लय ब्लूग्रासमध्ये आणली. 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाचे जेरी गार्सिया यांनी १९७३ मध्ये 'ओल्ड अँड इन द वे' या वाद्यवृंदात बँजो वाजवला आणि त्यांचा मोठा चाहतावर्ग ब्लूग्रासकडे वळला. पुढे कोलोरॅडो आणि मिशिगन राज्यांतून नवे वाद्यवृंद आले. १९९२ मध्ये जन्मलेले गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज यांनी ड्रम न घेता हे संगीत मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागारांत नेले. त्यांच्या 'होम' या अल्बमला २०२१ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

भारतीय संगीताशी या परंपरेचा संबंध आला तो बँजोवादक बेला फ्लेक यांच्यामुळे. 'न्यू ग्रास रिव्हायव्हल'मध्ये वाजवलेल्या फ्लेक यांनी मुंबईचे दोन कलावंत, तबलावादक झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया, तसेच बासवादक एडगर मेयर यांच्यासह 'अ‍ॅज वी स्पीक' हा अल्बम केला. २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन यांचे निधन झाले. वर वर्णन केलेल्या मैफलींहून हे संगीत वेगळे असले, तरी जायच्या आधी कान तयार करण्यास ते उत्तम.

प्रत्यक्ष मैफलीत बहुधा दोन सत्रे आणि मध्ये विश्रांती असते. एकूण तीन तास सहज जातात. गाण्यांची यादी आधी जाहीर होत नाही आणि रोज बदलते. आवडते गाणे ऐकायला मिळेलच या अपेक्षेने जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते. श्रोत्यांत काही जण उंच काठीवर मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण करताना दिसतील. 'ग्रेटफुल डेड'च्या काळापासूनची ही प्रथा अनेक वाद्यवृंद खुशीने चालू देतात, कारण दोन रात्री सारख्या नसतात. आवाज मोठा असतो, वाद्यांना विद्युत उपकरणे जोडलेली असतात आणि बँजोचा नाद कधी ओळखूही येत नाही. कानात घालायचे बोळे जवळ असावेत. कोलोरॅडोतील 'रेड रॉक्स'सारख्या डोंगरातील खुल्या प्रेक्षागारात उन्हाळ्यातही रात्री गारठा पडतो, तेव्हा स्वेटर हवाच.

हे ब्लूग्रास आहेच का, असा प्रश्न जुने रसिक विचारतात. मन्रो यांची गाणी नेमकेपणासाठी ओळखली जात आणि त्यात एक स्वरही फाजील नसे, हा त्यांचा आक्षेप अगदीच गैर नाही. पण अनेक मैफलींत अखेरीस दिवे मंदावतात, पाचही जण एकाच मायक्रोफोनभोवती गोळा होतात आणि एखादे जुने गाणे तीन मिनिटांत, मापात संपवतात. तोवर घाईने वाहनतळाकडे निघू नये.