युद्धकालीन माजी सैनिक, त्यांचे हयात जोडीदार आणि घरची शुश्रूषा : अमेरिकेतील निवृत्तिवेतनाचे गणित

प्रस्तावना :
'निवृत्तिवेतन' या शब्दातून भारतीय वाचकाला दीर्घ सेवेचा मोबदला अभिप्रेत असतो. अमेरिकेचा माजी सैनिक व्यवहार विभाग ज्याला 'पेन्शन' म्हणतो, ती योजना निराळी आहे. युद्धकाळात सेवा केलेल्या, पण आज अल्प उत्पन्न असलेल्या वृद्ध वा अपंग सैनिकांना व त्यांच्या हयात जोडीदारांना दिलेले ते साहाय्य होय. स्नान, वस्त्रधारण, भोजन यांसाठी ज्यांना दुसऱ्याचा आधार लागतो, त्यांच्याकरिता या पेन्शनची मर्यादा वाढवली जाते. या वाढीस 'एड अँड अटेंडन्स' म्हणतात. घरीच राहून शुश्रूषा घेणे अनेकांना शक्य होते ते या वाढीव रकमेमुळे.

पात्रता :
रणांगणावर लढलेले असण्याची अट नाही. ७ सप्टेंबर १९८० पूर्वी दाखल झालेल्या सैनिकाने किमान ९० दिवस सक्रिय सेवा केलेली असावी आणि त्यांतील एक तरी दिवस घोषित युद्धकाळात आलेला असावा. कोरिया युद्धाचा असा काळ २७ जून १९५० ते ३१ जानेवारी १९५५ हा आहे. त्या काळात अमेरिकेतील छावणीत कारकुनी केलेला सैनिकही त्यामुळे पात्र ठरतो. अपंगत्व सेवेमुळेच आलेले असावे, असेही बंधन नाही. भारतातील सतत परिचर्या भत्ता शंभर टक्के अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी असतो. त्याहून ही व्यवस्था मूलतः वेगळी आहे. विधवेने वा विधुराने सामान्यतः पुनर्विवाह केलेला नसावा. (अमेरिकी यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्यातील एका सैनिकाच्या मुलीला २०२० मध्ये तिच्या निधनापर्यंत दरमहा ७३.१३ डॉलर मिळत होते.)

हिशेबाची रीत :
पेन्शनची रक्कम ठरलेली नसते. कायद्याने ठरविलेली वार्षिक मर्यादा वजा गणनीय उत्पन्न, एवढीच रक्कम हाती येते. समजा, एका विधवेला सामाजिक सुरक्षा योजनेतून वर्षाला २१,६०० डॉलर मिळतात. १ डिसेंबर २०२४ ते ३० नोव्हेंबर २०२५ या काळात परिचर्येसह तिची मर्यादा १८,१८७ डॉलर होती. उत्पन्न मर्यादेहून अधिक असल्याने पेन्शन शून्य. आता तिने महिना १,५०० डॉलर देऊन घरी सेविका ठेवली, तर वर्षाचा खर्च १८,००० डॉलर होतो. मूळ मर्यादेच्या पाच टक्के, म्हणजे ५६९ डॉलर वगळता उरलेले १७,४३१ डॉलर उत्पन्नातून वजा होतात. गणनीय उत्पन्न ४,१६९ वर येते आणि पेन्शन १४,०१८ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे १,१६८ डॉलर बसते.

या हिशेबातच योजनेचे बळ आणि तिची उणीव दोन्ही आहेत. साहाय्य गरजेला मिळत नाही, गरजेवर झालेल्या खर्चाला मिळते. जिच्याजवळ सेविका ठेवण्याइतकेही पैसे नाहीत, तिची गरज अधिक असूनही वजावट मात्र शून्य राहते. नोकरी सोडून आईची सेवा करणाऱ्या मुलीचे श्रम कागदावर दिसतच नाहीत. त्या मुलीला वाजवी मोबदला खरोखर दिला आणि त्याची नोंद ठेवली, तर तोच खर्च ग्राह्य धरता येतो. ही तरतूद बहुसंख्य कुटुंबांना ठाऊक असेल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

मालमत्ता व मध्यस्थ :
अज्ञानाच्या या पोकळीत विक्रेते शिरले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये अशा दोनशेहून अधिक संस्था नोंदविल्या. वृद्धांची मालमत्ता न्यासात वा विमायोजनांत वळवून त्यांना कागदोपत्री गरीब ठरविण्याचे साहाय्य त्या विकत होत्या. १८ ऑक्टोबर २०१८ पासून अर्जापूर्वीच्या तीन वर्षांतील हस्तांतरणे तपासली जातात आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. राहते घर मालमत्तेत धरले जात नाही. पहिला अर्ज तयार करून देण्यासाठी शुल्क घेणे संघीय कायद्याला मान्य नाही. मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटना हे काम विनामूल्य करतात.

विलंबाचा प्रश्न :
निर्णय झाल्यावर मागील थकबाकी मिळते, परंतु सेविकेचे वेतन दरमहा द्यावेच लागते. निर्णयापूर्वी विधवेचे निधन झाले आणि मागे अवलंबित अपत्य नसले, तर थकीत रकमेतून केवळ अखेरच्या आजाराचा व अंत्यविधीचा खर्च, तोही तो सोसणाऱ्या व्यक्तीलाच, भरून मिळतो. त्यासाठी त्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.